मगरीच्या तोंडाची लाकडी उशी: सेपिकची हेडरेस्ट घ्यावी का, कुठून घ्यावी, झोप लागते का

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. हो, हिच्यावर झोपता येतं, पण जमिनीवर चटई टाकून आणि शक्यतो कुशीवर, गादीवर ठेवलीत तर पैसे पाण्यात. आणि घेताना कोरीवकाम किती भारी आहे यावर भुलू नका, वरचा भाग म्हणजे जिथे मान टेकते तो साधा सपाट गुळगुळीत आहे का ते आधी बघा. बाकी सगळं पाल्हाळ आहे, वेळ असेल तर वाचा.

तर वस्तू काय आहे ते सांगते. पापुआ न्यू गिनीच्या उत्तर भागातून सेपिक नदी वाहते, अकराशे किलोमीटरच्या वर लांब, आणि तिच्या मधल्या पट्ट्यात इयात्मुल लोकांची गावं आहेत, कोरीवकामात त्यांचा हात धरणारे फार कमी लोक आहेत जगात. त्यांच्याकडची ही उशी. कापूस-फोम वगैरे काही नाही, एक आडवा लाकडी दांडा, माझा साधारण 45 सेंटीमीटर लांब आहे, दोन्ही टोकांना मगरीची तोंडं बाहेरच्या बाजूला बघणारी, आणि खाली वेत वाकवून केलेले पाय, तेही वेताच्याच बारीक पट्टीने करकचून बांधलेले. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही. जमिनीपासून दांड्याच्या वरपर्यंत 14 सेंटीमीटर. वजन किलोभरसुद्धा नसेल. आम्ही नोकरीच्या निमित्ताने इथल्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत राहतो आणि इथे शनिवारी जे क्राफ्ट मार्केट भरतं तिथून घेतली, 180 किना (इथलं चलन) सांगितले होते, 150 ला दिली.

भाव करण्याबद्दल इथेच सांगते कारण नवीन आलेले लोक हमखास गोंधळ घालतात. आपल्याला सवय असते निम्म्यापासून सुरुवात करायची, मग तो म्हणणार परवडत नाही, मग आपण चार पावलं पुढे जायचं आणि त्याने हाक मारायची. इथे ते चालत नाही, समोरचा ओशाळतो किंवा सरळ गप्प बसतो. वस्तू हातात घ्यायची, कुठल्या गावची, कोणी केली, हे विचारायचं, थोड्या गप्पा, आणि मग हळूच सेकंड प्राइस आहे का एवढंच विचारायचं. असेल तर सांगतात, तोच शेवटचा भाव. नसेल तर नाही. मला विकणारे पापा (इथे वयस्क माणसाला असंच म्हणतात) साठीच्या पुढचे असतील, सिस्टा सिस्टा म्हणत शांतपणे सगळं दाखवत होते, मी त्यांना उशीवर झोपून दाखवा म्हटलं तर आजूबाजूच्या बायका जोरात हसल्या पण ते खरंच ताडपत्रीवर आडवे झाले आणि मान कुठे टेकवायची ते दाखवलं. त्यासाठी वेगळे पाच स्टार.

आणि 150 किना जास्त वाटत असतील तर ही वस्तू इथवर येते कशी ते बघा. पोर्ट मोर्सबीपासून सेपिककडे जाणारा रस्ताच नाहीये, राजधानी देशाच्या बहुतेक भागाशी रस्त्याने जोडलेलीच नाही. म्हणजे गावातून होडीने पागवी किंवा अंगोराम या नदीकाठच्या ठाण्यांपर्यंत, तिथून ट्रकच्या मागे बसून किनाऱ्यावरचं वेवाक शहर, आणि वेवाकवरून विमानाने नाहीतर बोटीने मोर्सबी. एवढं करून तो माणूस शहरात नातेवाइकांकडे राहणार आणि शनिवारची वाट बघणार. याच्यावर घासाघीस करायला जीव होत नाही.

आता वापराबद्दल. पहिल्यांदा सगळे जण करतात तेच, पाठीवर झोपून डोक्याचा मागचा भाग दांड्यावर ठेवतात आणि दोन मिनिटांत हे काय छळ आहे म्हणून उठतात. डोकं ठेवायचंच नाहीये. कवटी संपते आणि मान सुरू होते त्या खोबणीत दांडा यायला हवा, डोकं मागे किंचित मोकळं राहतं. हे जमलं की पाठीवर बरं वाटतं पण 14 सेंटीमीटर पाठीवर झोपायला मला तरी जास्तच होतात, हनुवटी छातीकडे येते. कुशीवर मात्र कमाल आहे, कारण खांद्याची रुंदी आणि उशीची उंची जवळपास सारखी, मान सरळ राहते, आणि दांडा अरुंद असल्यामुळे कान दाबला जात नाही. म्हणून घेताना टेप घेऊन जा, आपल्या मानेच्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंत किती भरतं ते मोजा आणि त्याच्या आसपासची उंची घ्या. लोकांना विचित्र वाटेल, वाटू दे.

गादीवर का नको, तर वेताचे पाय फोममध्ये रुततात, एक पाय जास्त रुतला की दांडा तिरका आणि मध्यरात्री मगर तुमच्या गालात. जमिनीवर पांडानसच्या, म्हणजे केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या, पानांची चटई इथे बाजारात मिळते, ती घ्या. रात्रभर वापरता येते का? मला नाही. झोपेत वळलं की जाग येते. दुपारची डुलकी, पाठ टेकवून पुस्तक वाचणं, उकाड्यात लाइट गेलेली असताना पडून राहणं, याला उत्तम, कारण मानेखालून वारा खेळतो आणि घामाने उशी ओली होण्याचा प्रश्नच नाही. मानेचा स्पाँडिलायटिस वगैरे असलेल्यांनी प्रयोग करू नका हे वेगळं सांगायला नको.

पण खरा फायदा बायकांना कळेल, लांब केसवाल्या. अंबाडा घालून साध्या उशीवर झोपून बघा, एकतर अंबाडा टोचतो नाहीतर विस्कटतो. इथे मान टेकलेली आणि अंबाडा मागे हवेत, जसाच्या तसा. आणि गंमत म्हणजे या वस्तूमागचं जुनं एक मोठं कारण हेच आहे. मेलानेशियात, म्हणजे न्यू गिनीपासून फिजीपर्यंतच्या बेटांच्या पट्ट्यात, बऱ्याच ठिकाणी पुरुषांची केशरचना म्हणजे मोठं प्रकरण होतं, फिजीत तर सरदार लोकांचे केस एवढे फुलवलेले, रंगवलेले, घडवलेले असायचे की त्यासाठी खास माणसं असायची, आणि सरदाराचं डोकं इतकं पवित्र की केस करणाऱ्याच्या हातांवर सुद्धा बंधनं यायची. एवढी मेहनत घेतलेलं डोकं कोण मातीत टेकवणार. फिजीतल्या उशीला काली म्हणतात आणि ती दिसायला अगदीच साधी, एक दांडा आणि खाली आखूड पाय, बस्स, पण प्रमाण असं की नजर हटत नाही. माझं मत विचाराल तर मगरीबिगरी सगळं बाजूला ठेवून सगळ्यात देखणी चीज तीच.

सेपिकमध्ये आणखी एक गोष्ट होती, डास. तिथले डास हा चेष्टेचा विषय नाही. पूर्वी तिथे विणलेल्या भल्यामोठ्या लांब पिशव्या असायच्या, कुटुंबच्या कुटुंब आत शिरून तोंड बंद करून झोपायचं, मच्छरदाणीच म्हणा. अशा पिशवीत गाद्या-उशा नेणार कुठे, कडक लाकडी उशी आत घेतली की झालं.

आता तो कोरीवकामाचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

म्युझियममधल्या जुन्या उशा बघा, प्रत्यक्ष नाहीतर फोटोत. कोरीवकाम टोकांना आहे, खालच्या बाजूला आहे, पायांवर आहे, दांड्याच्या कडेला आहे. वरच्या पृष्ठभागाला जवळपास हात लावलेला नाही. तिथे फक्त वापराने आलेली झिलई, केसांचं तेल, घाम आणि चुलीचा धूर यांची मिळून झालेली काळपट चमक, आणि मधोमध हलकीशी झीज. म्हणजे कोरणाऱ्याने आधी झोपणाऱ्याचा विचार केला आणि मग उरलेल्या जागेत आपली सगळी हौस भागवली, आणि त्या उरलेल्या जागेत काय काय केलंय, एका टोकाला मगर, दुसऱ्या टोकाला माणसाचा चेहरा, मगरीच्याच नाकातून निघणारा पक्षी. आत्ताच्या विकाऊ मालात नेमकं उलटं होतं. गिऱ्हाईक हे शेल्फवर ठेवणार हे कोरणाऱ्याला माहीत आहे, शेल्फवरची वस्तू वरून आणि समोरून दिसते, मग तो वरच्या बाजूला पण नक्षी ठोकून देतो, खवले, वेटोळी, कवड्या चिकटवलेल्या. दिसायला झगमगीत. मान टेकवा, रात्रीत कवडीचा ठसा उमटेल. त्यात त्या माणसाचा दोष नाही, आपणच तसा माल मागतो.

शहरातल्या एका हॉटेलच्या गिफ्ट शॉपमध्ये मी हाच प्रकार बघितला, नाव नाही लिहीत. काचेच्या कपाटात अशीच एक उशी, वरून खालपर्यंत नक्षी, एक इंच मोकळा नाही, खाली चिठ्ठी काय तर ट्रायबल स्टूल. स्टूल! त्या वेताच्या पायांवर कोणी बसलं तर काय होईल. किंमत मार्केटच्या तिप्पट, आणि काउंटरवरच्या मुलीला गाव विचारलं तर तिला सेपिक एवढंच माहीत, तेही मगर बघून सांगितलं असावं असा माझा अंदाज. वर रंग म्हणजे चक्क काळं बूटपॉलिश, पांढरा रुमाल फिरवला तर काळा. ही टेस्ट सगळीकडे करा, रुमाल किंवा कापूस घेऊन घासायचं. खरा धुराचा किंवा वापराचा काळेपणा असा हाताला येत नाही. आणि जुनी आहे अँटिक आहे असं कोणी कानात सांगितलं तर अजिबात हुरळून जाऊ नका, धुरावर टांगून नव्या लाकडाला जुनं करणं ही अवघड गोष्ट नाही. दुसरं म्हणजे खरोखर जुनी असेल तर ती देशाबाहेर नेताच येणार नाही, त्याबद्दल पुढे.

मार्केटमध्ये सेपिकच्याच जास्त दिसतात पण आणखी एक जात आहे जिच्या मी शोधात आहे, तामी बेटांची. लाए शहराच्या पुढे फिनशाफेन आहे, त्याच्या समोर समुद्रात ही चिमुकली बेटं, शेतीला जमीन जवळजवळ नाही, म्हणून लोक कोरीवकाम करायचे आणि होड्यांनी व्यापार. त्यांचे लाकडी कटोरे लांब लांबच्या बेटांपर्यंत जायचे आणि लग्नाच्या देण्याघेण्यात चालायचे. तामीची उशी एकसंध लाकडात असते, वेताचे पाय वगैरे नाही. खाली एक बसका माणूस, कधी दोन, डोकं खांद्यात रुतलेलं, मान म्हणून नाहीच, आणि त्याने वरचा दांडा पेललाय. म्हणजे तुमच्या मानेचा भार एक बिनमानेचा माणूस रात्रभर सांभाळणार, यात विनोद मुद्दाम आहे की नाही माहीत नाही, मला मात्र प्रत्येक वेळी हसू येतं. लाकूड काळं केलेलं आणि कोरलेल्या रेघांत चुना भरलेला, त्यामुळे काळ्यावर पांढरी नक्षी एकदम उठून दिसते. चुना म्हणजे शिंपले-पोवळी भाजून केलेला, इथे सुपारीबरोबर खातात तोच. सुपारी इथे जिकडेतिकडे, रस्ते लाल, आपल्या लोकांना अगदी घरच्यासारखं वाटेल.

तामीची चांगली उशी मोर्सबीत मला अजून हातात घ्यावीशी वाटेल अशी मिळालेली नाही. जुन्या बऱ्याचशा केव्हाच बाहेर गेल्या. 1884 ते 1914 हा सगळा उत्तरेकडचा भाग जर्मनीकडे होता आणि त्या तीस वर्षांत बोटी भरभरून वस्तू युरोपात गेल्या, शिवाय 1912-13 मध्ये सेपिकवर एक मोठी जर्मन मोहीम गेली होती तिचा माल बर्लिनला. आज बर्लिन, बाझेल, पॅरिस, न्यूयॉर्क, शिकागो इथल्या म्युझियममध्ये या उशा काचेआड लायटिंगमध्ये ठेवलेल्या असतात. दिसतात सुंदर. फक्त बहुतेक ठिकाणी त्या डोळ्यांच्या उंचीवर असतात आणि त्यामुळे ती वापरायची वस्तू आहे हे डोक्यातच येत नाही, मूर्ती वाटते.

पश्चिमेकडे, म्हणजे आता जो इंडोनेशियात गेलाय त्या पापुआत, चेंदरावासीह आखातात कोरवार नावाच्या पूर्वजांच्या मूर्ती करायचे, मोठं चौकोनी डोकं आणि बाणासारखं नाक, तेच चेहरे तिथल्या उशांवर पण येतात. झोपलेल्या माणसाच्या दोन्ही कानांशी पूर्वज. बापरे वाटतं ना, पण तिथे तो आधार असणार. सेपिकच्या मगरीचं पण तसंच, इयात्मुल लोकांच्या कथांत मगर हा आद्य पूर्वज, मुलांना पुरुष करताना पाठीवर-छातीवर कापून मगरीच्या कातडीसारखे वण उठवतात. त्यामुळे ही मगर डेकोरेशन नाही. कुठली आकृती कोणी कोरायची हे कुळाकुळावर ठरलेलं असतं, म्हणून मी पापांना विचारलं ही कोणाची, तर ते म्हणाले माझ्या आईच्या भावाने शिकवली, आणि मग बराच वेळ त्या मामांबद्दलच बोलत बसले. हॉटेलच्या दुकानात हे मिळत नाही, आणि माझ्या लेखी निम्मे पैसे याचेच.

लाकडाबद्दल दोन शब्द. माझ्या उशीचं लाकूड मध्यम वजनाचं, फिकट तपकिरी, पापांनी सांगितलेलं स्थानिक नाव मी लिहून घेतलं नाही म्हणून इथे देत नाही. पण एकसंध जड उशी घेणार असाल तर बहुतेक क्विला मिळेल, हेच झाड फिजीत वेसी म्हणून ओळखतात आणि तिथल्या काली, भांडी, गदा यातल्या बऱ्याच चांगल्या वस्तू याच्याच. दगडासारखं टणक, वाळवी सहसा लागत नाही. एकच गोष्ट, क्विला भिजला की त्यातून तपकिरी रंग सुटतो, ओल्या केसांनी झोपलात किंवा ओल्या फडक्याने पुसून पांढऱ्या चादरीवर ठेवलात तर डाग पडणार आणि तो सहजी निघत नाही. कोरडं फडकं, कधीतरी थोडंसं तेल, बास. तेलाचं म्हणाल तर माझ्या केसांना खोबरेल असतंच, दांड्याच्या मध्यावर रंग गडद व्हायला लागलाय, नवरा म्हणतो कळकट झाली, मी म्हणते किंमत वाढली.

वेताचे पाय हा या उशीचा कच्चा दुवा. कोरड्या हवेत, विशेषतः एसीच्या खोलीत, वेत आकसतो आणि बांधणी सैल होते, माझी थोडी डुगडुगायला लागली होती. मार्केटमध्ये परत नेली तर पापांच्या भाच्याने तिथल्या तिथे वेत भिजवून नवीन बांधून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हता, शेवटी कोल्ड्रिंकवर तडजोड झाली. आफ्टर सेल्स सर्व्हिस याला म्हणतात. वेताला ती बारीक लवचीकता असते म्हणूनच लाकूड असूनही मान आखडत नाही असं मला वाटतं, डोकं टेकवलं की पाय किंचित फाकतात आणि दांडा जरासा बसतो. म्हणून बांधणी फार घट्ट करून तारेने वगैरे आवळू नका.

कीड हा दुसरा प्रकार. घेताना उलटी करून बघा, टाचणीएवढी गोल भोकं दिसली आणि हलकेच आपटल्यावर पिठासारखी भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे, कितीही सुंदर असली तरी ठेवा परत. घरी आणल्यावर शंका आली तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये उणे 18-20 डिग्रीला दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच उघडायचं नाही, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. चुना भरलेली किंवा रंगवलेली असेल तर हे जास्तच जपून.

देशाबाहेर नेणाऱ्यांसाठी. जुन्या, सांस्कृतिक महत्त्वाच्या वस्तू पापुआ न्यू गिनीतून बाहेर नेता येत नाहीत, 1965 चा कायदा आहे, आणि परवानगी मोर्सबीतल्याच वायगानी भागातलं नॅशनल म्युझियम देतं. नवीन वस्तूला अडचण नसते, पण वस्तू मुद्दाम जुनी दिसेल अशी केलेली असली की विमानतळावर तुम्हीच समजावत बसणार, त्यामुळे शंका असेल तर आधीच म्युझियमला दाखवून कागद घ्या. त्या निमित्ताने म्युझियम बघून होईल, जवळच पार्लमेंटची इमारत आहे, 1984 ची, सेपिकच्या पूजाघराच्या उंच छपरासारखी बांधलेली, ती पण बघा. उशीला बर्ड ऑफ पॅराडाइजची पिसं लावलेली असतील तर घेऊच नका, ती नेता येत नाहीत. आणि वाटेत ऑस्ट्रेलियात उतरून राहणार असाल तर लाकूड आहे म्हणून फॉर्मवर डिक्लेअर करा, ते उघडून साल, माती, किड्याची भोकं सगळं बघतात, लपवलं तर दंड.

विमानात मी हँडबॅगेत नेते. वेताच्या पायांमध्ये कपडे कोंबायचे आणि मगरींच्या तोंडांना जाड मोजे घालायचे, कारण तुटतं ते नाकच. स्कॅनरवर हमखास थांबवतात, काढून दाखवायला लागते, उशी आहे म्हटलं की आधी विश्वास बसत नाही.

रेटिंग: वस्तूला साडेचार, अर्धा रात्रभर झोप येत नाही म्हणून कापला. मार्केटला पाच. सकाळी लवकर जा, दुपारी ऊन चढलं की चांगला माल आवरायला घेतात, आणि सुटे किना जवळ ठेवा, शंभरची नोट बऱ्याच जणांना मोडता येत नाही. कोणाला तामीची एकसंध उशी, वर साधी असलेली, कुठे दिसली तर नक्की कळवा, लाएला जायची तयारी आहे.